अर्धा स्वयंपाक आपला

व्हिएतनाममधला आचारी पदार्थ पूर्ण करून देत नाही. तो रस्सा उकळतो, तांदळाच्या शेवया वाफवतो, मांस निखाऱ्यावर भाजतो आणि उरलेले काम खाणाऱ्यावर सोपवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. फुटपाथवर मांडलेल्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसलेला परदेशी पाहुणा लिंबू किती पिळायचे, मिरची कोणती घ्यायची आणि हा एवढा हिरवा पाला नेमका कशात घालायचा याचा विचार करत असतो, तोवर शेजारचा माणूस वाडगा रिकामा करून, पैसे चुकते करून, दुचाकीवर बसून निघूनही गेलेला असतो. मिसळ खाऊन वाढलेल्या माणसाला या कारभाराची थोडी सवय असते, कारण तर्री किती घ्यावी आणि फरसाण मऊ पडू द्यावे की नाही याबद्दल आपलीही मते ठाम असतात. मात्र व्हिएतनामी ताटात निर्णय घ्यावे लागतात ते त्याच्या कितीतरी पट.

फो, म्हणजे रस्सा, तांदळाच्या शेवया आणि मांस यांचा वाडगा, यापासून सुरुवात करावी, कारण सकाळी सहा-सात वाजता हनोईत दुसरे काही सुचतही नाही. गोमांसाची हाडे तासन्‌तास मंद आचेवर ठेवून हा रस्सा काढतात; कोंबडीचा फोही सर्रास मिळतो आणि तो हलका असतो. रश्श्यात आले आणि कांदा थेट विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजून टाकतात, सोबत दालचिनी आणि चक्रीफूल असते. मंडळी आपल्या मसाल्याच्या डब्यातलीच, पण वाटण नाही, फोडणी नाही, आणि रस्सा इतका नितळ की तळाच्या शेवया मोजता याव्यात. हे चक्रीफूल उत्तरेकडच्या लांग सोन प्रांतात पिकते, आणि भारतात येणारे चक्रीफूलही बरेचसे व्हिएतनाममधूनच येते; म्हणजे आपल्या गोड्या मसाल्याचा एक धागा या वाडग्यापर्यंत पोहोचलेला असतो, फक्त तो आपल्याला घरी कधी जाणवत नाही.

हनोईकर या रश्श्याशी फारशी ढवळाढवळ खपवून घेत नाहीत. लसणाच्या चकत्या मुरवलेले व्हिनेगर चमचाभर, थोडी मिरची, आणि बुडवून खायला मैद्याच्या तळलेल्या लांबट कांड्या, एवढ्यावर त्यांचे भागते. सायगावात, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह शहरात, मात्र त्याच फोसोबत रानातून नुकतीच खुडून आणावी अशी पाल्याची परडी येते: जांभळ्या देठांची तुळशीच्या कुळातली पाने, लांब दातेरी पानांची कोथिंबिरीच्या वासाची एक भाजी, मोड आलेले मूग, लिंबाच्या फोडी, आणि टेबलावर गोडसर काळ्या सॉसची बाटली. 1954 मध्ये देशाचे दोन तुकडे झाल्यावर लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले आणि त्यांच्यासोबत फोही गेला, असे सांगतात. दक्षिणेत जमीन सुपीक, भाजीपाला मुबलक, त्यामुळे पाहुण्या पदार्थाला तिथल्या लोकांनी हवे तसे नटवले. माझे मत विचाराल तर सकाळी हनोईचा फो आणि रात्री सायगावचा, असा न्याय करावा. पण हे मत हनोईत मोठ्याने मांडू नये.

दुपारच्या ‘बून चा’ या पदार्थात तर सगळेच सुटे सुटे येते. एका वाडग्यात आंबट-गोड, कोमट पाणीदार सॉसमध्ये बुडालेले डुकराच्या मांसाचे कोळशावर भाजलेले तुकडे, एका ताटलीत थंड शेवया, एका टोपलीत पाला. चॉपस्टिकने शेवयांचा लहानसा गुंता उचलायचा, वाडग्यात बुचकळायचा, वर एखादे पान आणि मांसाचा तुकडा ठेवायचा आणि घास करायचा. सगळे एकदम ओतले तर शेवया फुगतात आणि पाल्याचा करकरीतपणा जातो. 2016 मध्ये बराक ओबामा आणि खाद्यभ्रमंतीचे कार्यक्रम करणारे अमेरिकी शेफ अँथनी बोर्डेन हनोईच्या ज्या साध्या खानावळीत बून चा खायला बसले होते, तिथे त्यांचे ते टेबल आता काचेच्या पेटीत ठेवले आहे. गर्दीच्या वेळी जागेची वाट पाहत उभे राहिले की त्या रिकाम्या टेबलाकडे जरा रागानेच पाहिले जाते.

या सगळ्यात आचाऱ्याने आधीच पूर्णत्वाला नेलेली वस्तू एकच, ती म्हणजे माशांचा सॉस. फू क्वोक बेटावर मांदेलीच्या जातकुळीतले लहान मासे आणि मीठ लाकडाच्या प्रचंड पिंपांत भरून सुमारे वर्षभर मुरवतात, आणि तळातून जो तांबूस रस झिरपतो तो देशभरच्या स्वयंपाकात जातो. शाकाहारी मराठी प्रवाशाची पंचाईत होते ती इथेच, कारण पालेभाजी नुसती परतलेली असली तरी तिच्यात हा रस असू शकतो. सहलीबरोबर आपला स्वयंपाकी नेणाऱ्या मंडळींना याची झळ लागत नाही, पण ते व्हिएतनाममध्ये जाऊन बटाट्याची भाजी खातात, हेही खरे. त्यापेक्षा ‘चाय’ (म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) अशी पाटी असलेले उपाहारगृह शोधावे. तिथले बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात, आणि त्या दिवशी अशा ठिकाणी चांगलीच गर्दी असते. अळिंबी आणि मुळा घालून उकळलेला चाय फो हा नकली फो आहे असे म्हणणाऱ्यांनी तो एकदा ह्युए शहरात खाऊन पाहावा.

कॉफीतही गिऱ्हाइकाच्या वाट्याला काम असतेच, ते म्हणजे थांबण्याचे. काचेच्या पेल्यात तळाशी बोटभर कंडेन्स्ड मिल्क, पेल्यावर ‘फिन’ नावाची ॲल्युमिनियमची चिमुकली गाळणी, तिच्यात कॉफीची भुकटी आणि उकळते पाणी. थेंब थेंब गळत चार-पाच मिनिटांत ती खाली उतरते. उतरली की गाळणीचे झाकण उलटे करून टेबलावर ठेवायचे आणि त्यात गाळणी बसवायची, म्हणजे टेबलावर डाग पडत नाही. तेच झाकण आणि तीच बशी. मग तळाचे दूध ढवळायचे आणि बर्फावर ओतायचे. फ्रेंच मिशनऱ्यांनी 1857 च्या सुमारास कॉफीची रोपे इकडे आणली असे मानतात. आज ब्राझीलखालोखाल सर्वाधिक कॉफी व्हिएतनाम पिकवतो, आणि ती मुख्यतः कडवट, दमदार रोबस्टा जातीची. ताजे दूध दुर्मिळ, म्हणून डब्यातले गोड दूध आले, आणि या कडूपणाला तेच शोभते.

हनोईत 1946 मध्ये, दुधाची आणखीच टंचाई असताना, मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन वान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर फेसून कॉफीवर घातला. आजही ही कॉफी गरम पाण्याच्या वाडग्यात कप ठेवून देतात, कारण गार झाली की तिला अंड्याचा वास मारतो. वरचा पिवळा फेस आधी चमच्याने खावा की खालच्या कॉफीत मिसळावा, याबाबत कोणीही मार्गदर्शन करत नाही. मी आधी थोडा खातो.

काहीच करायचे नसलेले पेय म्हणजे संध्याकाळची बिया होई, रोज ताजी पिंपातून येणारी, टिकाऊपणासाठी काहीही न केलेली आणि म्हणून लवकर संपवावी लागणारी हनोईची सौम्य बिअर. दक्षिणेत मात्र बाटलीतली बिअर पेल्यात बर्फाचा भला मोठा खडा टाकून पितात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे पाप वाटते. पण त्या दमट उकाड्यात खडा विरघळायला लागला की बिअर पातळ होण्याआधी किती घोट घ्यायचे आणि वाढप्याला पुन्हा बर्फाची बादली आणायला केव्हा सांगायचे, हा हिशेब पुन्हा आपल्याच गळ्यात पडतो.