गॅस काढायचे पैसे

वडगावातलं मागवाल्यांचं घर. मागच्या अंगाला पावरलूम, भिंतीच्या अलीकडं झोपायची खोली, तिच्यात इन्व्हर्टर एसी. एप्रिलातली दुपार. मावशी दारातच म्हणाल्या, "गॅस संपलाय बघा. दरवर्षी भरतोय, दरवर्षी संपतोय."

एसीतला गॅस वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला तर कुठंतरी गळती असणार. पण गळती शोधायला वेळ लागतो आणि भरायला दहा मिनिटं, त्यामुळं भरणारेच जास्त.

गच्चीवर गेलो. आऊटडोअरला जाणारी जाड नळी कॉम्प्रेसरपर्यंत बर्फानं पांढरी. गॅस कमी असला की बर्फ बारीक नळीच्या तोंडाशी धरतो आणि जाड नळी कोरडी, कोमट राहते. इथं सगळं उलटं. प्रेशरचा गेज लावला तर ९० पीएसआय. या मशीनमधल्या आर-३२ गॅसला एवढ्यावर आतली थंड होणारी कॉइल शून्याच्या खाली जाते. आधीच्या मेकॅनिकनं हीच सुई बघून गॅस मारला असणार. जुन्या, आर-२२ गॅसच्या मशीनला ६५-७० वर सुई आणली, नळीला हात लावून बघितलं की काम भागायचं. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेगच कमीजास्त होतो. नुसत्या सुईवर काय विश्वास ठेवणार?

खाली येऊन इनडोअर उघडलं. फिल्टर धुतलेला, स्वच्छ. त्याच्या मागं मात्र कॉइलवर सुताचा तूस बसून घोंगडं झालेलं, मधे मधे साडीच्या सुताचे गुलाबी, निळे धागे. नखानं कोपरा उचलला तर अख्खी पट्टी निघाली. ब्लोअरच्या पात्यांतही तेच. हवाच जात नव्हती, म्हणून प्रेशर पडलेलं, म्हणून बर्फ.

बर्फ वितळू दिला, कॉइल आणि ब्लोअर पंपानं धुतला, मशीन पूर्ण वेगात चालवलं. आता प्रेशर १४०. त्याला आर-३२ साधारण ९ अंशांवर उकळतो, आणि जाड नळी १० अंश! म्हणजे न उकळलेला गॅस कॉम्प्रेसरच्या दारापर्यंत येत होता. असं चाललं की कॉम्प्रेसर जातो. गॅस जास्त होता.

अंदाजानं थोडा सोडण्यात अर्थ नव्हता. मावशींचा मुलगा म्हणाला, "सोडा की वरच, हवेत जाईल." आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशोबानं निदान ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो. रिकव्हरी मशीन लावून सगळा सिलिंडरमध्ये ओढला. वजनकाटा १,२२० ग्रॅमवर थांबला. मशीनच्या प्लेटवर लिहिलेलं ९००, आणि नळी एवढी आखूड की जादा गॅसची गरजच नव्हती.

गळती बघायला नायट्रोजन भरून जोडांना साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. मग नळ्यांतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप लावला, आतलं प्रेशर ५०० मायक्रॉनच्या खाली, म्हणजे जवळजवळ शून्यावर येईपर्यंत चालवला. मुलाला वाटलं मी उगाच वेळ काढतोय. चहा दोनदा आला. शेवटी काट्यावर मोजून ९०० ग्रॅम भरला. खोलीत आत जाणारी हवा ३० अंश, बाहेर पडणारी १६.

मागाकडच्या खिडकीची फट बुजवा आणि महिन्याला कॉइल उघडून बघा म्हटलं. मावशींनी मान हलवली, मग बिल हातात घेतलं.

"त्यानं गॅस घातला, पैसे घेतला. तू गॅस काढलास, तरी पैसे?"


"काढायला जास्त कष्ट पडलेत मावशी."

मुलगा हसला. मावशी हसल्या नाहीत. शंभर कमी करूनच दिले.