लेकरांना घेऊन बंब बघायला

आमच्या घरी बंब म्हणजे आजीचा, अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा. भाच्याला मात्र लाल, घंटा वाजवणारा हवा होता. अग्निशमन सेवा सप्ताह १४ ते २० एप्रिल असतो, म्हणून १६ तारखेला मानवत रोडहून सकाळची गाडी धरली आणि संभाजीनगरला पदमपुऱ्याच्या अग्निशमन केंद्रावर गेलो. १४ ला जाऊ नका. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, शहरात मिरवणुका. रिक्षा मिळायची नाही.

पोचलो तर बंब कॉलवर गेलेला. तासभर सावलीत बसलो. त्याला इलाज नाही, हे धरूनच जा.

गाडी आली, मग एका जवानाने होज, म्हणजे पाण्याचा लांब पाइप, उलगडून दाखवला. भाच्याने पितळी ब्रँच, म्हणजे पाइपच्या तोंडाची नळी, दोन्ही हातांनी धरली. पाणी सोडताच ती मागे ढकलू लागली, पोरगं टाचांवर आलं. जवानाने पाठीशी उभं राहून धरलं. जोर जास्त असला की त्यांनाही दोघं लागतात म्हणे.

सप्ताह याच तारखेला का, हेही तिथंच कळलं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, शिवाय कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला. विझवायला गेलेले ६६ जवान गेले.

गाठी म्हटल्यावर माझे कान टवकारले. निम्मी हयात जिनिंगच्या आवारात गेली आहे. जवान म्हणाला, "मामा, गाठ वरून भिजवली की इझल्यासारखी दिसती. आत धुमसतच राहती. फोडून बघावी लागती." आमच्याकडे संध्याकाळी विझवलेली गंजी पहाटे पुन्हा पेटली होती, ते आठवलं.

सकाळी आठ-नऊलाच जा, दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही. शाळेची सहल असेल तर आधी पत्र द्या. चौकशीसाठी १०१ फिरवू नका, तो नंबर आगीसाठी मोकळा राहू द्या. लेकरांना सुती कपडे घाला आणि एक जोड जास्तीचा ठेवा. आमचा भाचा पाणचक्की बघेपर्यंत ओलाच होता.