वाफेत ससा का बिघडतो, तुम्ही विचारलंत म्हणून

मैद्याचं पीठ यीस्टने फुगवून त्याचे ससा, हेजहॉग असे छोटे प्राणी वाफवायचे, त्यांच्याबद्दल प्रश्न दरवेळी तोच. "पात्रात ठेवला तेव्हा ससा होता, झाकण काढलं तर बटाटा. तुम्ही त्यात काय घालता ते सांगत नाही!" लपवण्यासारखं काही नाही हो. 300 ग्रॅम मैदा, 145 मिली पाणी, 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 20 ग्रॅम साखर, चमचाभर तेल. बेकिंग पावडर नाही, दूध पावडर नाही. यात 40-40 ग्रॅमचे दहा प्राणी होतात आणि उरलेल्यात त्यांचे कान, नाक, शेपट्या.

पाणी वाचून बहुतेकांना कमी वाटतं आणि ते गुपचूप वाढवतात. निम्मं बिघडतं ते इथेच. पावासाठी भिजवतो तेवढं सैल पीठ आकार धरत नाही. उत्तर चीनमध्ये, शानशी आणि शानतुंग प्रांतांत, सणावाराला असे प्राणी करण्याची जुनी रीत आहे. छिंगमिंगच्या, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला येणाऱ्या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या, सुमारास शानशीत पाकोळ्या (पक्षी) करतात, शानतुंगच्या किनारी भागात नव्या वर्षासाठी वेटोळं घातलेला साप करून पिठाच्या रांजणात ठेवतात. तिथलं पीठ हाताला चांगलं घट्ट लागतं. दहा-बारा मिनिटं तिंबायचं, मग लाटून घडी, पुन्हा लाटून घडी. सुरीने कापून बघा. कापलेल्या बाजूवर छिद्रं दिसली तर अजून लाटा. तीच छिद्रं पुढे सशाच्या गालावर फोड होऊन येतात.

पूर्वी मीच सांगत असे की पीठ दोनदा फुगवा, चव चांगली येते. चव येते, हे आजही खरं. पण पहिल्या फुगवणीतली हवा पूर्ण काढणं घरी फार थोड्यांना जमतं. म्हणून हल्ली सांगणं एवढंच: दहा मिनिटं झाकून ठेवा, आकार द्या, मग एकदाच फुगवा.

आणि खरी मेख आहे ती या फुगवण्यातच. "किती वेळ?" असं विचारू नका. मे महिन्यात पुण्यात वीस मिनिटांत होईल ते जानेवारीत पाऊण तासात होणार नाही. त्याऐवजी 10 ग्रॅम पीठ औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या पेल्यात दाबून सपाट बसवा. बहुधा 9 मिलीच्या आसपास येईल. पेला प्राण्यांशेजारीच ठेवा. पीठ 13 च्या रेघेला आलं की गॅस पेटवायचा. 17-18 पर्यंत थांबलात तर सशाचे डोळे लांब जातात, कान खांद्यात रुततात, आणि गार होताना सगळी कातडी सुरकुतते, कारण फार ताणलेल्या पिठाला स्वतःचं वजन पेलत नाही. कमी फुगलं तर मात्र आकार टिकतो, पण आत गच्च राहतं आणि कडेला पिवळट, चिवट डाग पडतात. मुलं तो ससा चाटतात, खात नाहीत.

कान 3 ग्रॅमच्या वर नकोत, तेही फुगतात. चिकटवताना ओलं बोट फिरवलं की पुरे. पाणी साचलं तर कान घसरतो. डोळ्यांचे काळे तीळ फुगल्यानंतर ओल्या टूथपिकने आत दाबून बसवा. हेजहॉगचे काटे अर्धं फुगल्यावर, वरची कातडी जरा सुकली की कापायचे. नखं कापायची छोटी कात्री तिरकी धरून 3 मिमी खोल, आणि दुसऱ्या ओळीतला काटा पहिल्या ओळीतल्या दोन काट्यांच्या मधोमध. आधी कापलेत तर काटे बोथट होतात. आत लाल चवळीचं गोड पुरण असेल तर पाठीची पारी जाड ठेवा, नाहीतर पुरण डोकावतं.

मोदकपात्र चालतं. झाकणाला पंचा बांधा, टोकं वर घ्या. थेंब पडला तिथे पीठ काचेसारखं पारदर्शक आणि कडक होतं, त्याला इलाज नाही. वाफ आल्यापासून मध्यम आचेवर बारा मिनिटं. मग गॅस बंद, झाकणाखाली चमचा सरकवून फट ठेवा आणि पाच मिनिटं हात लावू नका.

पाणी गार असताना ठेवायचं की उकळल्यावर? गारवर ठेवलं तर पाणी तापेपर्यंत फुगत राहतं, म्हणून पेल्यात 12 लाच उचला. माझा कल गारकडे आहे, पण मोठ्या पात्रात पाणी उकळायला वेळ लागतो आणि तिथे उकळत्याचं म्हणणारेच बरोबर ठरतात. रंगाला बीट वापरू नका, वाफेत मातकट होतं. लाल भोपळ्याचा पिवळा टिकतो. फक्त त्यातलं पाणी 145 मधून वजा करा.