‘थंड ठेवलं की झालं’

कॉलेजात रिॲक्टर डिझाइनची गणितं मी पटापट सोडवायचो. उत्तर कन्व्हर्जन (कच्चा माल किती बदलला) किंवा यील्डचं (हवा तो माल किती मिळाला) असायचं. कूलिंग बंद पडलं तर काय, हे कुणी विचारलं नाही. तीन वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढून प्रोसेस सेफ्टीत आलो, तेव्हा वरिष्ठांनी टी-टू लॅबोरेटरीज या अमेरिकी केमिकल कंपनीतल्या अपघाताचा अहवाल वाचायला दिला. जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा, १९ डिसेंबर २००७. कूलिंग गेलं, तापमान चढलं आणि सोडियमची सॉल्व्हंटशीच दुसरी रिॲक्शन पेटली. चार माणसं गेली. रिॲक्टिव्ह हॅझर्ड, म्हणजे रिॲक्शन हाताबाहेर जाण्याचे धोके, पदवीच्या अभ्यासक्रमात हवेत, ही शिफारस त्या चौकशीतूनच आली. वाचून जरा बरंही वाटलं, अडाणी मी एकटाच नव्हतो!

पहिलं काम नायट्रेशनचं, म्हणजे नायट्रिक ॲसिडशी घडवायच्या रिॲक्शनचं. रेसिपीत ४५ अंश, पण शिफ्टची मंडळी खबरदारी म्हणून २० अंशांवरच ॲसिड सोडत. मीही नोंदीत लिहिलं, ‘पद्धत अधिक सुरक्षित.’ कागद परत आला. समासात लाल शाईत एकच ओळ: ‘न झालेली रिॲक्शन कुठे आहे?’

उत्तर रिॲक्शन कॅलरीमीटरवर, म्हणजे रिॲक्शनची उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर दिसलं. २० अंशांवर ॲसिड सोडणं थांबवलं, तरी उष्णतेची रेघ खाली येईना. दोन तास तशीच रेंगाळली. हिशेब केला तर थंडीत रिॲक्शन मंदावल्यामुळे साठ टक्के ॲसिड नुसतंच साठून होतं. सगळी उष्णता आतच कोंडली तर ११० अंशांची वाढ. म्हणजे ऐन तेव्हा कूलिंग गेलं तर २० अधिक ६६, थेट ८६. आणि ४५ अंशांवर? साठा पंधरा टक्के, जेमतेम ६२.

डीएससीत (चिमूटभर नमुना तापवून उष्णता मोजणारं यंत्र) मालाचं विघटन १७५ च्या आसपास सुरू होताना दिसत होतं, त्यामुळे ८६ सुद्धा मला निवांत वाटत होतं. पण तिथे काही मिलिग्रॅम नमुना आणि भराभर चढणारं तापमान. सुरुवातीची मंद उष्णता त्याला कळतच नाही. एआरसीचे (उष्णता बाहेर न जाऊ देता नमुना हळूहळू तापवणारं यंत्र) आकडे आल्यावर गणित केलं: ७५ अंशांवर ठेवलेला माल चोवीस तासांत हाताबाहेर जाणार होता. त्या रात्री मी आधीच्या सगळ्या बॅचशीट काढून बसलो.

शिफ्टला पटवणं जड गेलं. एका जुन्या ऑपरेटरनी विचारलं, “साहेब, म्हणजे गरम ठेवायचं आणि निर्धास्त बसायचं?”

“निर्धास्त नाही हो. पण टाकलेलं लगेच जळू द्यायचं, साठू द्यायचं नाही.”

मान हलवली त्यांनी, पण चेहरा काही पालटला नाही.

मग इंटरलॉक बसवला: तापमान ४० च्या खाली गेलं किंवा स्टिरर थांबला, की ॲसिडचा व्हॉल्व्ह बंद. चौथ्या रात्री अडीचला फोन. “साहेब, ३९ झालं, व्हॉल्व्ह पडला. बायपास करू का?”

“नको. आधी साठलेलं संपू दे.”

सकाळी प्रॉडक्शनच्या साहेबांनी बॅचला झालेल्या उशिराचा जाब विचारला. मी कॅलरीमीटरचा तो ग्राफ त्यांच्या टेबलावर ठेवला.