पणजोबांचं नाव केरू का पडलं: रेकॉर्ड रूमचा माझा अनुभव

'सदर नोंद आढळून येत नाही.' रेकॉर्ड रूमच्या पत्रातल्या या एका ओळीचा राग अजून गेलेला नाही, कारण नोंद होती आणि गावच्या जन्म-मृत्यूच्या त्याच वहीत होती.

आम्ही मूळचे ठाण्यातल्या बाळकुमचे. जमिनीच्या जुन्या फेरफारात पणजोबांचं नाव 'गणपत ऊर्फ केरू धर्मा' असं आहे. तो फेरफार सहज मिळाला. चुलत भाऊ म्हणाला, "केरू म्हणजे केरातला. ताई, कशाला उकरत बसतेस?" पण मला तेच उकरायचं होतं. मुलं जगत नसली की पुढच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून दगडू, धोंडू, भिकू, केरू अशी नावं ठेवायची रीत होती. काही घरांत बाळाला क्षणभर केरावर ठेवून उचलून घ्यायचे. गणिती केरूनाना छत्रे (१८२५–१८८४) यांचंही मूळ नाव विनायक. म्हणजे पणजोबांच्या आधी आमच्या घरात कुणीतरी गेलं असणार, आणि आमच्या वंशावळीत त्यांचा पत्ताच नव्हता.

हे कळायची जागा एकच, कोतवाल बुक. गाव नमुना १४ म्हणतात तीच गावच्या जन्म-मृत्यूची वही. नक्कल मिळावी म्हणून रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, "केरू नावाने जन्मनोंद नाही, मॅडम." नसणारच! त्या काळच्या जन्मनोंदीत बहुतेक वेळा बाळाचं नाव नसायचंच. बापाचं नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख, एवढंच. बापाच्या नावाने बघा म्हटलं, तर म्हणे अर्जात केरू लिहिलंय. धर्मा नावाने नवा अर्ज दिला. मग मोडी, म्हणजे जुनी मराठी लिपी, वाचणारे रजेवर. ते आले तेव्हा वही जीर्ण झाली म्हणून काढता येत नाही. आणि शेवटी ते पत्र. मृत्यूची पानं कुणी उघडलीसुद्धा नव्हती, आणि मी अर्जात दोन्ही मागितलं होतं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना राज्यभर अशाच वह्यांची पानं चाळली गेली, स्कॅन झाली. अनेक जिल्ह्यांनी ती संकेतस्थळावरही टाकली. (तुमच्या गावाची आहेत का ते आधी तिथे बघा, हेलपाटा वाचेल.) तेव्हा वह्या निघतात, मग एका घरासाठी का नाही? हे मी खिडकीवर उभी राहून विचारलं. उत्तर मिळालं नाही.

मग माहितीचा अधिकार वापरला. नक्कल मागितली नाही, वही बघायला मागितली. २००५ च्या कायद्यात अभिलेखाची पाहणी करायचा हक्क आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवसांची मुदत. 'पाहणी' हा शब्द अर्जात लिहाच. मुदत संपायच्या आत बोलावणं आलं.

सोबत मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त सरांना नेलं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहितात, शब्द तोडत नाहीत, त्यामुळे आपल्याला कुठे काय संपतं ते कळतच नाही. सर कागदाला बोट न लावता ओळीवरून पेन्सिल फिरवत होते. १८९७ च्या मृत्यूंमध्ये ते थांबले. धर्मा याची मुलगी जानकी, वय दोन वर्षं, देवी. पुढच्या वर्षी धर्मा याचा मुलगा गणपत, वय आठ महिने, ताप. त्यानंतर १८९९ च्या जन्मांत धर्मा यास मुलगा.

गेलेल्या बाळाचंच नाव पुढच्याला दिलं होतं, आणि त्याला कुणी ओढून नेऊ नये म्हणून हाक मारायला केरू. चुलत भावाला फोन केला तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दोघांची नावं वंशावळीत घाल."

दोन्ही नोंदींच्या प्रमाणित नकला त्याच दिवशी मागून घेतल्या. तुम्हीही पाहणी संपताच पान क्रमांक लिहून तिथेच अर्ज द्या, नंतर पुन्हा शोधाशोध होते. गाव वसई-डहाणूकडचं असेल, तर १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आहे. वही ठाण्यात आहे की तिकडे, हे निघण्याआधी फोनवर विचारा. मोडी स्वतः शिकायची असेल, तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं. मी नाव घातलंय.