गिअरबॉक्स लोंबकळू द्यायचा नाही

शुक्रवार, रात्र

८०० सीसीची जुनी ऑल्टो, आणि काम क्लच प्लेट बदलण्याचे. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा आणि सोडवणारा भाग, प्लेट ही त्यातली झिजणारी, अस्तर लावलेली चकती. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र आहे तशीच रेंगाळते. सपाट रस्त्यावर अर्धी झिजलेली प्लेटही निभावून नेते, खंबाटकी घाट चढताना खरे काय ते कळते. जळक्या ब्रेकसारखा वास आला की मग शंका उरत नाही.

तरी गिअरबॉक्सला हात लावण्याआधी पेडलपासून क्लचपर्यंत जाणारी क्लच वायर बघायचीच. पेडल वरून १५ ते २५ मिलिमीटर मोकळे हलले पाहिजे. प्लेट झिजत जाते तसा हा मोकळेपणा कमी होतो, आणि तो शून्यावर आला की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांवर सतत दाब देत राहते. मग प्लेट शिल्लक असूनही क्लच स्लिप होतो. पावसाळ्यात गंजून आवरणात अडकलेली वायरही हेच करते. वायर सैल करून फरक पडत नसेल, तरच पुढे जायचे. खात्रीसाठी हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून तिसऱ्या गिअरमध्ये थोडा ॲक्सिलरेटर देत पेडल सोडावे. इंजिन चटकन बंद पडले तर क्लच धरतोय. फिरत राहिले तर प्लेट गेली. ही चाचणी एकदाच करायची, कारण प्रत्येक वेळी फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर टेकते ती इंजिनाची जड चकती, भाजते.

आवाजही आजच ऐकून ठेवावा, उद्या ऐकता येणार नाही. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर दोष रिलीज बेअरिंगचा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना येणारी आणि दाबल्यावर थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लच प्लेटमध्ये बसणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची असते. नुसता क्लच बदलून ती जाणार नाही.

सामान मांडून झाले: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचे मागचे ऑइल सील, इनपुट शाफ्टचे सील, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांची) सीले आणि आतल्या टोकाच्या सर्क्लिपा (खाचेत बसणाऱ्या कड्या), ८०डब्ल्यू-९० जीएल-४ गिअर ऑइल, प्लेट मध्यावर धरायचा डमी शाफ्ट. फक्त प्लेट बदलून प्रेशर प्लेट जुनीच ठेवण्याची काटकसर मला पटत नाही. वाचतात थोडे पैसे, आणि तेवढ्यासाठी अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची पाळी येऊ शकते.

शनिवार

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर घोडी (गाडी टेकवायचा स्टँड) एका बाजूने खचते, म्हणून प्रत्येक घोडीखाली जाड प्लायचा तुकडा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचे नाही. यात सवलत नाही.

वरचे काम सोपे आहे: बॅटरी आणि तिचा ट्रे, क्लच वायर, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स दिव्याच्या स्विचची वायर, गिअरबॉक्सवरची अर्थची वायर, सेल्फ (स्टार्टर मोटर). या जुन्या मॉडेलात गिअरचे रॉड खालून सुटतात. ऑइल आधीच काढून टाकायचे, नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट सुटताच ते अंगावर येते.

ड्राइव्ह शाफ्टपाशी बरेच जण चुकतात. लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (चाक धरणाऱ्या भागातून) सोडवला की चाकाची बाजू बाहेर ओढता येते, आणि मग हात आपोआप शाफ्टलाच हिसका देऊ पाहतो. तसे केले तर जॉइंटचे घर गिअरबॉक्समध्येच राहते आणि जॉइंट बुटाच्या (रबरी आवरणाच्या) आत सुटतो. टॉमी, म्हणजे छोटी पहार, जॉइंटचे घर आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये घालून छोटा, नेमका झटका द्यायचा, म्हणजे सर्क्लिप खाचेतून सुटते. टॉमी सीलच्या ओठावर टेकवायची नाही. सुटलेले शाफ्ट तारेने वर बांधून ठेवायचे. लोंबकळत राहिले तर बूट फाटतो, आणि फाटक्या बुटात माती गेली की सीव्ही जॉइंट फार टिकत नाही.

इंजिनाला आधार द्यायला संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पात्राखाली) जॅक, मध्ये रुंद लाकडी फळी. फळी नसेल तर पत्र्याच्या संपला खळगा पडतो. त्यानंतर मागचे आणि गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या तोंडाचे) बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर हाउसिंगची बाह्यरेषा काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचला की उद्या तर्क लढवावे लागत नाहीत.

आता या सगळ्या कामातला खरा क्षण. शेवटचा बोल्ट निघाल्यापासून इनपुट शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंतचा वीतभरही नसलेला प्रवास. तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचे वजन शाफ्टवर आले, तर ते प्लेटच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, येते आणि हब वाकतो. उतरवताना वाकला तर बिघडत नाही, जुनी प्लेट जाणारच आहे. पण चढवताना नेमकी हीच चूक नव्या प्लेटवर होते. दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली, वर पट्टा, आणि सोबत दुसरा माणूस. एकाने जॅक सांभाळायचा, दुसऱ्याने सरळ रेषेत मागे ओढायचे. वरखाली हलवायचे नाही.

उघडल्यावर जुनी प्लेट हातात घ्यावी. रिव्हेटचे डोके अस्तराच्या पृष्ठभागापासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी खोल उरले असेल तर प्लेट संपली. अस्तर जाड असूनही क्लच स्लिप होत होता, तर तेल शोधायचे. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. उग्र वास आला तर इनपुट शाफ्टचे सील गेले, नाही आला तर क्रँकचे. काळी भुकटी हवेने उडवायची नाही, तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या किंवा स्वस्त प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते.

फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि नखाला जाणवणाऱ्या भेगा असतील तर लेथवर साफ करून घ्यावे किंवा बदलावे. फक्त चकाकी आली असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर आडवातिडवा फिरवून ब्रेक क्लीनरने पुसले की पुरते.

रविवार

नव्या प्रेशर प्लेटवर गंज टाळण्यासाठी लावलेला तेलाचा थर असतो. तो पुसला नाही तर पहिल्याच दिवशी नव्या अस्तराला तेल लागते. प्लेटची स्प्रिंगांची, उंच हबची बाजू गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो, क्लच सुटत नाही आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते.

इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (दातांवर) ग्रीसचा फक्त ओशटपणा. प्लेट शाफ्टवर दोनदा सरकवायची आणि बाहेर आलेले ग्रीस पुसून टाकायचे. कोरडे ठेवले तर प्लेट अडकते आणि पहिला गिअर कर्र करतो. जास्त लावले तर फिरताना उडून अस्तरावर बसते. रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या टेकूवर आणि बुशवर मात्र मनापासून लावावे.

डमी शाफ्ट घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, अर्धा-अर्धा फेरा देत आवळले. एकच बोल्ट आधी आवळला तर कव्हर वाकते आणि क्लच पकडताना थरथरतो. शेवटचा ताण २३ न्यूटन-मीटरच्या आसपास. डमी शाफ्ट हलक्या हाताने निघाला तर प्लेट मध्यावर आहे.

चढवताना गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये टाकून ठेवायचा. मग क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने किंचित फिरवला की स्प्लाइनचे दात एकमेकांत बसतात. हाउसिंग आणि इंजिन यांत बोटभर फट राहिली आणि पुढे सरकत नसेल तर थांबावे. ही फट बोल्ट आवळून मिटवायची इच्छा प्रत्येकाला होते. पण असे ओढले तर ॲल्युमिनियमचा कान तुटतो किंवा हब वाकतो. फट राहते ती प्लेट मध्यावर नसल्याने किंवा गिअरबॉक्स तिरका असल्याने. जॅक एक-दोन मिलिमीटर वरखाली करून पाहावे. डोवेल पिनांवर (जागा नेमकी जुळवणाऱ्या खुंट्यांवर) हाउसिंग हाताने बसले पाहिजे. बोल्टचे काम त्यानंतरचे.

ड्राइव्ह शाफ्ट नव्या सर्क्लिपसह आत ढकलल्यावर टक्क आवाज येतो. जॉइंटचे घर धरून हलके ओढून पाहावे, बाहेर यायला नको. लेव्हल प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत गिअर ऑइल. फोर्कच्या टोकाशी वायर २ ते ४ मिलिमीटर मोकळी, आणि चाकांचे नट ८५ न्यूटन-मीटर.

इंजिन सुरू करून पेडल पूर्ण दाबले आणि थोडे थांबून रिव्हर्स टाकला. आवाज न करता पडला. पहिले ४०० ते ५०० किलोमीटर शहरात, हलक्या पायाने, सिग्नलला न्यूट्रल करून. आठवड्याने वायरचा मोकळेपणा पुन्हा मोजायचा आणि गिअरबॉक्सखाली पुठ्ठा अंथरून रात्रभरात थेंब पडतो का ते बघायचे.