‘इथला नाही’ म्हणणारा राजा

दरवर्षी 20 ते 26 नोव्हेंबरच्या दरम्यान येणारा रविवार हा कॅथलिक चर्चमधला ख्रिस्तराजाचा सण. उपासना वर्षाचा, म्हणजे चर्चच्या सणांच्या वर्षाचा, हा शेवटचा रविवार. पुढच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळची तयारी, सुरू होतो. धर्मगुरूंच्या वस्त्रांचा रंग पांढरा. वेदीजवळ बहुतेक ठिकाणी मुकुट घातलेला, हाती राजदंड धरलेला ख्रिस्त असतो. चित्रात वावगं काही नाही, पण सणाचा अर्थ चित्रातून काढू नये. तो त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानातून (येशूच्या चरित्रग्रंथातून) काढावा.

कोणतं वाचन आहे ते आधी पाहायचं. वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. त्या नोव्हेंबरातल्या सालाला तीनने भागा. बाकी 1 उरली तर ‘अ’ वर्ष, 2 उरली तर ‘ब’, काहीच उरलं नाही तर ‘क’. 2026 ला 1 उरतो, म्हणजे मत्तय 25:31-46. ‘ब’ वर्षी योहान 18:33-37, रोमन सुभेदार पिलात याच्यापुढची येशूची चौकशी. ‘क’ वर्षी लूक 23:35-43, क्रूसावरून झालेलं बोलणं. तीनपैकी दोन उतारे गुड फ्रायडेच्या घटनांतले आहेत, आणि प्रवचनाची तयारी करताना नेमकी हीच गोष्ट नजरेतून निसटते. मग पृथ्वीवरचा एखादा बलाढ्य राजा घेऊन त्याला शंभरपट मोठा केला की झाला ख्रिस्तराजा, असं प्रवचन होतं.

बायबलला राजेपणाचं असं भाबडं कौतुक मुळीच नाही. शास्ते 8:23 मध्ये इस्राएलचा पुढारी गिदोन गादी नाकारतो: तुमच्यावर राज्य करील तो परमेश्वर. 1 शमुवेल 8 मध्ये लोक राजासाठी हट्टच धरतात तेव्हा संदेष्टा शमुवेल राजाची किंमत मोजून सांगतो. मुलगे रथांवर आणि घोड्यांवर जातील, मुली सुगंधी द्रव्यं करायला, स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला नेल्या जातील, धान्याचा आणि कळपांचा दहावा हिस्सा जाईल. ‘घेईल, घेईल’ असं क्रियापद त्या यादीत पुन्हा पुन्हा येतं. ख्रिस्ताच्या राजेपणाकडे वळण्याआधी ही यादी वाचलेली असावी.

दुसरी अडचण ‘राज्य’ या शब्दाचीच. आज राज्य म्हटलं की नकाशावरची सीमारेषा डोळ्यांपुढे येते. शुभवर्तमानातला ग्रीक शब्द ‘बासिलेया’ हा प्रदेशापेक्षा राज्य करण्याच्या क्रियेवर भर देतो. राजवट, सत्ता चालणं. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली ‘तुझे राज्य येवो’ ही विनंती एखाद्या मुलखासाठी नाही. देवाची इच्छा पृथ्वीवर पाळली जावो, हे प्रार्थनेची पुढचीच ओळ सांगते.

आता योहान 18:36, जिथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. ‘माझे राज्य ह्या जगाचे नाही’ हे वाक्य ऐकून ख्रिस्ताचं राज्य म्हणजे मेल्यानंतरची गोष्ट, इथल्या न्याय-अन्यायाशी त्याचा संबंध नाही, असा निष्कर्ष काढला जातो. पण मूळ ग्रीक ‘या जगातून’ असं म्हणतं, आणि वचनाच्या शेवटी ‘एन्तेउथेन’ म्हणजे ‘इथून’ हा शब्द येतो. राज्य कुठे आहे याची ही चर्चा नाही, ते कुठून आलं याची आहे. आपण गावात नव्याने आलेल्या माणसाला ‘तो इथला नाही’ म्हणतो, तेव्हा तो समोर उभा असतोच. फक्त त्याचं मूळ दुसरीकडचं असतं. पुरावाही येशू तिथेच देतो: राज्य या जगाचं असतं तर माझे सेवक लढले असते. सत्तेचा उगम निराळा, म्हणून तिची रीतही निराळी.

त्यानंतरचा प्रसंग तर राज्याभिषेकाचाच आहे, फक्त उलटा. सैनिक झगा चढवतात (मत्तय त्याला किरमिजी म्हणतो, मार्क आणि योहान जांभळा), काट्यांचा मुकुट घालतात, हातात बोरू देतात आणि गुडघे टेकून मुजरा करतात. शेवटी डोक्यावर गुन्ह्याची पाटी लागते: ‘नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा’. योहान सांगतो की ती इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. आरोपपत्रच घोषणापत्र ठरलं. त्या दिवशी त्याला खऱ्या अर्थाने राजा मानलं ते शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराने.

सण मात्र जुना नाही. पोप अकरावे पायस यांनी 11 डिसेंबर 1925 रोजी ‘क्वास प्रिमास’ या परिपत्राने तो सुरू केला. पहिलं महायुद्ध नुकतंच होऊन गेलेलं, इटलीत मुसोलिनी सत्तेवर. ख्रिस्ती श्रद्धेचं सूत्र ठरवणाऱ्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेला तेव्हा 1600 वर्षं पूर्ण झाली होती. (‘त्याच्या राज्याला अंत नाही’ हे शब्द श्रद्धासूत्रात 381 सालचे, निकेयाच्या 325 च्या पाठात ते नव्हते.) आधी हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. 1969 च्या दिनदर्शिका-सुधारणेत तो वर्षाच्या टोकाला नेला, आणि माझ्या मते ते फार योग्य झालं. राष्ट्रांना बजावण्याचा सूर मागे पडून सर्व गोष्टींच्या शेवटाकडे नजर गेली. नावाचा दुरुपयोगही झाला. बेल्जियममधल्या ‘रेक्स’ पक्षाचं नाव ‘क्रिस्तुस रेक्स’, म्हणजे ख्रिस्तराजा, यावरून आलेलं. त्याच्या पुढाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात नाझींना साथ दिली. राजा शब्दातून क्रूस काढून घेतला की मागे काय उरतं, ते इथे दिसतं.

2026 साठी मत्तय 25 वाचताना एक तपशील धरून ठेवा. सुरुवातीला ‘मनुष्याचा पुत्र’ वैभवशाली सिंहासनावर बसतो. 34 व्या वचनात अचानक त्याला ‘राजा’ म्हटलं जातं. आणि राजा झाल्यावर तो कोणाबद्दल बोलतो? भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, कैदेत. या सहा जणांची उजळणी त्या उताऱ्यात चार वेळा होते. वाचणाऱ्याने कंटाळून दुसऱ्या वेळेपासून घाई करू नये. चारही वेळा सारख्याच संथपणे वाचावं. शमुवेलाच्या यादीतला राजा घेत होता. हा म्हणतो, तुम्ही भुकेल्याला दिलंत ते मला दिलंत.

वसईत, मुंबईत, गोव्यात अनेक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) या सणानिमित्त पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीची, मिरवणूक निघते. छत्र, धूप, मेणबत्त्या, सोनेरी किरणांचं पात्र. आणि त्याच्या मधोमध काचेमागे बिनखमिराची, गव्हाची पातळ भाकर.